बोटीवरच्या स्टिरिओचा आवाज बिघडला तर दोष कुठे आणि कसा शोधावा

तुमच्या तक्रारी तीन आहेत. बोट नांगरून इंजिन बंद केल्यावर काही वेळाने आवाज वाढवला की संगीत मध्येच तुटते आणि एक-दोन सेकंदांनी पुन्हा सुरू होते. इंजिन चालू असताना स्पीकरमधून बारीक शीळ येते आणि ती इंजिनाच्या वेगाबरोबर चढते-उतरते. मागचा डावा स्पीकर कधी वाजतो, कधी मुका राहतो. हेड युनिट, म्हणजे गाणी लावण्याचा आणि आवाज कमी-जास्त करण्याचा मुख्य संच, नवे बसवूनही यातले काहीच सुटले नाही, म्हणून आता स्पीकरना ताकद पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर बदलावा का, असे तुम्ही विचारले आहे. तो इतक्यात बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या दोन तक्रारींचे मूळ बहुधा एकाच जागी, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या निगेटिव्ह वायरच्या वाटेत, सापडेल. तिसरी तक्रार स्वतंत्र असू शकते. तिन्ही गोष्टी एका साध्या डिजिटल मल्टिमीटरने तपासता येतात, मात्र तपासणीचा क्रम पाळावा लागतो.

मोटारगाडीत धातूचा सांगाडा हीच निगेटिव्ह वाट असते; कुठेही स्वच्छ पत्र्याला वायर जोडली की काम भागते. फायबरग्लासच्या बोटीत असा सांगाडा नसतो. अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत गेलेला प्रत्येक अ‍ॅम्पिअर वायरीतूनच बॅटरीकडे परत येतो, आणि त्या वाटेत लग (वायरीच्या टोकाचे धातूचे कडे), बसबार (अनेक वायरी एकत्र जोडण्याची धातूची पट्टी), बॅटरी स्विच असे जोड असतात. हे जोड दमट व खारट हवेत राहतात आणि इंजिनाच्या थरथरीने सैल होतात. म्हणून गाडीच्या ऑडिओचा अनुभव असलेला माणूससुद्धा बोटीत निगेटिव्ह वायरकडे दुर्लक्ष करून पॉझिटिव्ह बाजू आणि उपकरणेच तपासत बसतो.

हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी. पेट्रोल इंजिनाची बोट असेल तर इंजिनाच्या कप्प्यातील हवा बाहेर फेकणारा ब्लोअर किमान चार मिनिटे चालवावा आणि पेट्रोलचा वास येत असताना कोणतीही वायर सोडवू वा जोडू नये, कारण लहानशी ठिणगी पुरेशी असते. बॅटरीजवळ काम करताना हातातील अंगठी व कडे काढून ठेवावे, आणि जोड उघडायचा असेल तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह वायर प्रथम सोडवून सर्वांत शेवटी जोडावी. व्होल्टेज मोजण्यासाठी मात्र सर्व काही जोडलेले आणि चालू असावे लागते.

सुरुवात निरीक्षणाने करा. आवाज तुटतो त्या क्षणी हेड युनिटचा पडदा आणि अ‍ॅम्प्लिफायरवरील दिवा यांकडे दोघांनी एकाच वेळी पाहावे. दोन्ही विझत असतील तर दोष सामाईक वाटेत, म्हणजे बॅटरी, बॅटरी स्विच किंवा मुख्य फ्यूजजवळ आहे. हेड युनिट चालू राहून अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा पूर्ण विझत असेल तर अ‍ॅम्प्लिफायरचा वीजपुरवठा किंवा त्याला जागे करणारी रिमोट वायर, म्हणजे बहुतेक हेड युनिटांत असणारी निळी-पांढरी वायर, तपासावी. दिवा लाल होत असेल तर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःला वाचवत आहे: व्होल्टेज खूप उतरले आहे, तो तापला आहे, किंवा स्पीकरच्या बाजूला शॉर्ट आहे. तापल्यामुळे बंद पडलेला अ‍ॅम्प्लिफायर सेकंदभरात परत येत नाही, त्याला थंड व्हायला काही मिनिटे लागतात. तुमचा आवाज एक-दोन सेकंदांत परत येतो आणि तोही मोठ्या आवाजातच तुटतो, म्हणून माझा रोख व्होल्टेजकडे आहे.

आता बॅटरी. चार्जिंग बंद करून काही तास विसावलेली, पूर्ण भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी उरली. इंजिन चालू असताना त्याच्यावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर हाच आकडा १३.८ ते १४.४ पर्यंत नेतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला हे आकडे लागू होत नाहीत. तिचे व्होल्टेज बराच काळ १३ च्या वर टिकते आणि शेवटी झपाट्याने कोसळते. इंजिन चालू आणि बंद असतानाच्या व्होल्टेजमधला फरक कानालाही जाणवतो. ज्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये व्होल्टेज स्थिर राखणारे सर्किट नसते, त्याची कमाल ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, १४.४ व्होल्टवर ती १२ व्होल्टच्या तुलनेत १.४४ पट असते. म्हणजे बोट चालू असताना जे गाणे स्वच्छ वाजत होते, तेच नांगरल्यावर त्याच व्हॉल्यूमवर फाटू लागते, आणि त्यात उपकरणाचा काही दोष नसतो. ज्यात स्थिर पुरवठ्याचे सर्किट असते तो अ‍ॅम्प्लिफायर उलट वागतो: व्होल्टेज उतरले की तेवढीच ताकद देण्यासाठी तो जास्त करंट ओढतो, त्यामुळे व्होल्टेज आणखी उतरते, आणि साधारण १० ते १०.५ व्होल्टच्या आसपास त्याचे संरक्षण त्याला बंद करते. बंद होताच भार सुटतो, व्होल्टेज वर येते आणि तो पुन्हा चालू होतो. तुमच्याकडे नेमके हेच घडत असावे.

हे तपासण्याची रीत अशी. इंजिन बंद ठेवून, ज्या आवाजाला तक्रार येते तेवढा आवाज लावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. त्यात किमान-कमाल आकडा धरून ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करा, कारण ढोलाच्या ठोक्यावरचा क्षणिक उतार साध्या आकड्यात दिसत नाही. प्रथम बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर मोजा आणि किमान आकडा लिहून ठेवा. मग अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉझिटिव्ह व निगेटिव्ह टर्मिनलवर मोजा. बॅटरीवरच आकडा ११ च्या खाली जात असेल तर बॅटरी रिकामी किंवा म्हातारी झाली आहे आणि पुढची तपासणी तूर्त थांबवावी. बॅटरीवर १२.३ आणि अ‍ॅम्प्लिफायरवर १०.९ अशी तफावत असेल, तर १.४ व्होल्ट वाटेत हरवत आहेत आणि ते कुठे, हे शोधणे हे खरे काम आहे.

त्यासाठी मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर शिशाच्या खुंटावरच, टेकवा आणि दुसरे अ‍ॅम्प्लिफायरच्या निगेटिव्ह टर्मिनलच्या स्क्रूवर. संगीत मोठ्याने चालू असताना हा आकडा शून्याच्या अगदी जवळ असायला हवा. तो ०.८ किंवा १ व्होल्ट दाखवू लागला की दोष हाती आलाच समजा. आता दुसरे टोक हळूहळू बॅटरीकडे सरकवत न्या: अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरीचे लग, बसबारचा बोल्ट, बसबारचे दुसरे टोक, मुख्य निगेटिव्ह वायरीचे लग, बॅटरीचा क्लॅम्प. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम घसरतो, तो जोड खराब. हाच प्रयोग पॉझिटिव्ह बाजूला फ्यूजहोल्डर व बॅटरी स्विच धरून करावा.

येथे अनेकजण मीटर ओहमवर लावून वायर तपासतात आणि वायर चांगली असल्याचा निर्वाळा देतात. ती तपासणी येथे निरुपयोगी आहे. ४० अ‍ॅम्पिअर वाहत असताना ०.८ व्होल्ट हरवायला अवघा ०.०२ ओहमचा रोध पुरतो, आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याच्या कितीतरी पट असतो. भार असतानाचे व्होल्टेज हाच खरा पुरावा.

खराब जोड बाहेरून खराब दिसेलच असे नाही. लग चकचकीत, बोल्ट घट्ट, वर रबरी टोपी. पण लगच्या मानेजवळचे आवरण ब्लेडने बोटाच्या पेराएवढे सोलले की आतल्या तारा काळ्या पडलेल्या दिसतात आणि नखाने खरवडल्या तर हिरवी पूड सुटते. उघड्या टोकातून ओलावा तारांमधून आत चढत जातो आणि काळेपणा आवरणाखाली लांबवर पसरतो. म्हणून केवळ नवे लग बसवून उपयोग नाही. तांबे लखलखीत दिसेपर्यंत वायर कापत जावे, आणि ते दिसलेच नाही तर वायर बदलावी. नवी वायर कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची, बारीक तारांची घ्यावी. लग योग्य मापाच्या पक्कडीने क्रिम्प करावे, म्हणजे वायरीवर दाबून घट्ट बसवावे, आणि त्यावर आतून डिंक असलेली हिट-श्रिंक नळी चढवावी. फक्त सोल्डरवर विसंबलेला जोड बोटीत नको; सोल्डर जिथे संपते तिथे वायर ताठ होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

वायरीच्या जाडीबद्दल थोडा हिशेब करावाच, कारण बोटीत अंतरे फसवी असतात. समजा अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीपासून ५ मीटरवर आहे आणि कमाल ५० अ‍ॅम्पिअर ओढतो. करंटला जाऊन परत यायचे असल्याने लांबी १० मीटर धरावी. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या मानकात महत्त्वाच्या सर्किटांसाठी ३ टक्के आणि इतरांसाठी १० टक्के व्होल्टेज-घट चालते. संगीत दुसऱ्या गटात मोडत असले तरी माझ्या मते अ‍ॅम्प्लिफायरला ३ टक्क्यांचीच मर्यादा लावावी, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६ व्होल्ट. तांब्याचा रोध धरून गणित केले की सुमारे २५ चौरस मिलिमीटरची वायर निघते. अनेक तयार वायरिंग संचांतील वायर याच्या निम्मीही नसते. आवरण जाड असल्याने ती भरदार दिसते, एवढेच. पॉझिटिव्ह वायरीचा फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. त्याच मानकात मूळ अंतर ७ इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटीमीटर, दिले आहे. वायर संरक्षक नळीत असेल तर काही सवलत मिळते. हा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरला नव्हे, तर वायरीला आणि पर्यायाने बोटीला आगीपासून वाचवतो, म्हणून तो अ‍ॅम्प्लिफायरजवळ बसवून चालत नाही.

शीळेकडे वळू. अल्टरनेटर मुळात एसी निर्माण करतो आणि त्याचे डायोड तिचे डीसीत रूपांतर करतात. त्यानंतरही थोडी लहर उरते आणि तिची वारंवारता इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढते. केवळ या लहरीने चांगला अ‍ॅम्प्लिफायर शीळ घालत नाही. हेड युनिटचा निगेटिव्ह एका ठिकाणी आणि अ‍ॅम्प्लिफायरचा दुसऱ्या ठिकाणी जोडलेला असतो आणि त्या दोन ठिकाणांत थोडासा व्होल्टेजचा फरक असतो, तेव्हा हा फरक आरसीए केबलच्या (हेड युनिटकडून अ‍ॅम्प्लिफायरकडे सिग्नल नेणाऱ्या केबलच्या) बाहेरच्या जाळीतून करंट वाहवतो आणि संगीताच्या सिग्नलमध्ये मिसळतो. तुमच्या निगेटिव्ह वाटेतील खराब जोड हा फरक वाढवत असणार. म्हणूनच मी सुरुवातीला दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असावे, असे म्हटले.

तरीही खात्री करून घ्यावी. आधी हेड युनिटचा आवाज कमी-जास्त करून पाहा. शीळही त्याबरोबर कमी-जास्त होत असेल तर ती व्हॉल्यूम नियंत्रणाच्या आधी, म्हणजे स्रोताकडून शिरते. तशीच राहत असेल तर नंतर शिरते. मग संपूर्ण यंत्रणा बंद करून अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूच्या आरसीए पिना काढा आणि त्या जागी मधली पिन व बाहेरची कडी आपसात जोडलेले प्लग बसवा. या पिना यंत्रणा चालू असताना कधीही ओढू नयेत. त्यात हेड युनिटच्या आउटपुटची हानी होऊ शकते. आता इंजिन सुरू करा. शीळ गेली तर ती केबलमधून किंवा हेड युनिटकडून येत होती. शीळ राहिली तर ती अ‍ॅम्प्लिफायरच्या पुरवठ्यातून किंवा स्पीकरच्या वायरींतून येत आहे. पहिल्या स्थितीत आणखी एक सोपी पायरी आहे: मोबाइल त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर ठेवून त्याची हेडफोन केबल थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडा. शीळ नसेल आणि तोच मोबाइल बोटीच्या १२ व्होल्टच्या चार्जरला लावताच ती उमटली, तर मोबाइलच्या चार्जिंग वायरीतून तयार होणारी दुसरी निगेटिव्ह वाट हेच कारण.

उपाय कंटाळवाणा असला तरी टिकाऊ आहे. हेड युनिट आणि अ‍ॅम्प्लिफायर या दोघांच्या निगेटिव्ह वायरी एकाच बसबारवर आणाव्यात, आणि त्या बसबारपासून जाड वायर थेट बॅटरीकडे न्यावी. स्टिरिओची निगेटिव्ह वायर इंजिनाच्या ब्लॉकला अजिबात जोडू नये. आरसीए केबल आणि वीजपुरवठ्याच्या वायरी बोटीच्या विरुद्ध बाजूंनी न्याव्यात. त्यांना एकमेकींना ओलांडायचे असेल तर काटकोनात ओलांडू द्यावे. बाजारात मिळणारे शीळ घालवणारे आयसोलेटर मी सर्वांत शेवटी वापरतो. त्यांतील लहान ट्रान्सफॉर्मर खर्जाचा आवाज पातळ करतात, आणि मूळ दोष जागच्या जागी राहून गंजत जातो. वीजपुरवठ्याच्या वाटेवर मोठा कपॅसिटर बसवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. खराब जोडावर किंवा रिकाम्या बॅटरीवर त्याचा काहीही उपयोग नाही.

शीळ पूर्वी नव्हती आणि अचानक सुरू झाली असेल, तर इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या खुंटांवर मीटर एसी व्होल्टवर लावून मोजा. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला तर अल्टरनेटरचा एखादा डायोड गेल्याचा संशय घ्यावा आणि तो तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा. इंजिन चालू असताना बॅटरी स्विच क्षणभरही बंद स्थितीत नेऊ नये. असे डायोड बऱ्याचदा त्यामुळेच जळतात.

मागच्या डाव्या स्पीकरसाठी अदलाबदल करून पाहणे उत्तम. यंत्रणा बंद करून अ‍ॅम्प्लिफायरजवळच मागच्या डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरी आपसात बदला. मुकेपणा उजवीकडे गेला तर दोष अ‍ॅम्प्लिफायर वा सिग्नलमध्ये. डावीकडेच राहिला तर वायरीत वा स्पीकरमध्ये. मग त्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरपासून पूर्ण सोडवून त्यांच्या टोकांवर ओहम मोजा. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. आकडा अमर्याद असेल तर वायर तुटली आहे किंवा कॉइल जळली आहे. दुसऱ्या माणसाने वायर जागोजागी हलवावी आणि तुम्ही आकड्यावर नजर ठेवावी; तो जिथे उड्या मारतो तिथे दोष आहे. बहुतेक वेळा ही जागा स्पीकरमागच्या पत्र्याच्या पातीवर ढकलून बसवलेल्या क्लिपची असते, किंवा झाकणाच्या बिजागरीजवळ वायर घासून अर्धवट तुटलेली असते. याच वेळी प्रत्येक स्पीकर वायर आणि बोटीचा निगेटिव्ह यांमध्येही मोजा. तेथे कोणताही संपर्क दिसता कामा नये. स्पीकरची काळ्या पट्ट्याची वायर म्हणजे निगेटिव्ह असे समजून ती बसबारला जोडणे घातक आहे, कारण आजच्या बहुतेक हेड युनिटांत आणि अनेक अ‍ॅम्प्लिफायरांत त्या वायरीवरही सिग्नल असतो.

स्पीकर उघडलेच आहेत तर ध्रुवही तपासा. १.५ व्होल्टचा साधा सेल वायरीच्या टोकांना क्षणभर टेकवा. सेलचा पॉझिटिव्ह स्पीकरच्या पॉझिटिव्हला लागला असेल तर पडदा बाहेर येतो. एखादा स्पीकर उलटा जोडलेला असेल तर आवाज येतो, पण खर्ज जणू गायब होतो, कारण एक पडदा हवा ढकलत असतो तेव्हा दुसरा ती ओढत असतो. उघड्या बोटीत खर्ज आधीच कमी ऐकू येतो, त्यामुळे हा दोष कित्येक महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. स्पीकर आणि फायबरग्लास यांमध्ये फोमची पट्टी नसेल आणि फट राहिली असेल, तर स्पीकरच्या मागचा आवाज पुढे येऊन असाच परिणाम करतो.

आवाज एकूणच कमी पडतो, असे वाटल्यास जास्त वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी हे लक्षात घ्या: मोकळ्या हवेत स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, तर वॉट दुप्पट केल्याने तो फक्त ३ डेसिबलने चढतो. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. म्हणून स्पीकर ऐकणाऱ्यांच्या जवळ आणणे आणि त्यांचा रोख कानांकडे करणे यात जास्त लाभ आहे. साडेसहा इंची स्पीकरांना ८० ते १०० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचा खर्ज अडवणारे सर्किट) लावला की त्यांचा पडदा निष्फळ खर्जात थकत नाही आणि मोठा आवाज स्वच्छ राहतो. गेन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची येणारा सिग्नल किती वाढवायचा ही मांडणी, हे व्हॉल्यूमचे बटण नव्हे. हेड युनिट तीन-चतुर्थांशावर ठेवून, बास-ट्रेबल शून्यावर आणून, आवाज फाटू लागेपर्यंत गेन वाढवावा आणि तेथून थोडा मागे घ्यावा. फाटलेला आवाज बराच वेळ वाजवत राहिले तर सर्वांत आधी ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचे लहान स्पीकर, जळतात.

सर्व जोड दुरुस्त झाल्यावर दोन तपासण्या राहतात. त्या संगीताच्या नसून सुरक्षिततेच्या आहेत, म्हणून त्या टाळू नयेत. पहिली व्हीएचएफ रेडिओची, म्हणजे बोटीवरून संपर्क साधण्याच्या रेडिओची. रेडिओ शांत चॅनलवर ठेवून स्क्वेल्च (खरखर दाबणारे बटण) खरखर जेमतेम थांबेल इतकाच लावा आणि मग अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरमधले एलईडी दिवे व यूएसबी चार्जर एकेक करून चालू करा. एखादे उपकरण चालू होताच खरखर परत आली, तर ते उपकरण तुमच्या रेडिओला बहिरे करत आहे. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१८ मध्ये एलईडी दिव्यांबाबत याच कारणासाठी सुरक्षा इशारा दिला होता. दुसरी होकायंत्राची. स्पीकरचे चुंबक सुई फिरवते, आणि जाड वायरीतून वाहणारा करंटही, विशेषतः पॉझिटिव्ह व निगेटिव्ह वायरी एकमेकींपासून दूर नेल्या असतील तर. बोट धक्क्याला बांधलेली असताना स्टिरिओ बंद ठेवून होकायंत्राचा आकडा वाचा, मग मोठ्या आवाजात चालू करून पुन्हा वाचा. आकडा हलला तर त्या दोन्ही वायरी एकत्र पिळून न्याव्यात. बंद स्थितीतही होकायंत्र चुकीची दिशा दाखवत असेल तर जवळचा स्पीकर दूर हलवावा आणि त्यानंतर होकायंत्राचे विचलन, म्हणजे बोटीवरील चुंबकांमुळे पडणारी चूक, नव्याने तपासून घ्यावे.